दहा मुलांची वर्गणी: वस्तीतलं मदतकार्य वर्षभर कसं चालवावं

जूनमध्ये दप्तरं वाटली जातात आणि दिवाळीनंतर त्याच वर्गातले दोन बाक रिकामे होतात. दप्तर नाही म्हणून शाळा सोडणारी मुलं थोडी. शाळा सुटते ती घरातलं कमावतं माणूस गेलं की, आईबाप ऊसतोडीला निघाले की, धाकट्या भावंडाला सांभाळायला कुणी उरलं नाही की, नाहीतर परीक्षेचा फॉर्म भरायच्या दिवशी घरात पैसे नसले की. म्हणून वर्गणी काढायची तर ती बारा महिने पुरेल अशी काढावी. एका दिवसाच्या वाटपासाठी एवढा खटाटोप करू नये.

हा लेख अशा आठ-दहा जणांसाठी आहे, ज्यांना आपल्याच गावातल्या किंवा वस्तीतल्या अडचणीतल्या मुलांसाठी काम सुरू करायचं आहे. पहिल्या वर्षी मुलं दहाच घ्या. एका कार्यकर्त्याकडे दोन घरं, दर घरी महिन्यातून एक भेट, हे नोकरी-धंदा सांभाळून जमतं. पाच कार्यकर्ते फिरतात, दोघं हिशेब बघतात, एक जण सरकारी कार्यालयांच्या खेपा घालतो. पन्नास मुलांची यादी करणारे गट सप्टेंबरपर्यंत घरभेटी बंद करतात आणि मग उरतं ते वाटपच.

आधी नोंदणी की आधी काम?

आधी काम, पण उघड्यावर पैसे गोळा करून नव्हे. महाराष्ट्रात नोंदणी नसलेल्या गटाला सार्वजनिक कामासाठी वर्गणी काढायची तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ (क) खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळं घेतात तीच. त्यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे तालुक्यातल्या एखाद्या नोंदणीकृत, हिशेब चोख असलेल्या संस्थेच्या छत्राखाली पहिलं वर्ष काढणं. पैसे त्यांच्या खात्यात, पावती त्यांची, काम तुमचं. आणि या मुलांच्या निधीची वेगळी खतावणी (हिशेबाची वही) ठेवण्याचं लेखी ठरवून घ्यावं. तोंडी ठरलेलं मार्चमध्ये कुणाला आठवत नाही.

वर्षभरानंतरही गट टिकला तर स्वतःची संस्था काढा. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सदस्य लागतात, आणि महाराष्ट्रात तीच संस्था १९५० च्या कायद्याखाली न्यास म्हणूनही नोंदवावी लागते. पुढे विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात फेरफार अर्ज, म्हणजे बदलाची नोंद करण्याचा अर्ज, द्यायचा असतो. तो राहिला म्हणून अडकलेल्या संस्था धर्मादाय कार्यालयाच्या जिन्यात रोज भेटतात. संस्थापक वारले, मुलगा काम बघतो, पण कागदावर अजून वडीलच. मग बँक सही मानत नाही.

सर्वांत जास्त घडणारी चूक म्हणजे एखाद्या कार्यकर्त्याच्या मोबाइलचा क्यूआर कोड ग्रुपवर टाकणं. पैसे त्याच्या खासगी खात्यात जातात, त्याच्या गृहकर्जाच्या हप्त्यात मिसळतात, आणि हेतू कितीही स्वच्छ असला तरी हिशेब दाखवता येत नाही. खातं संस्थेचं, सह्या दोघांच्या. यात सवलत नको.

परदेशातल्या नातेवाइकांचे पैसे घेताना पासपोर्ट विचारा. भारतीय पासपोर्टवर दुबईत नोकरी करणाऱ्या मामाने आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम चालते. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या भाच्याचे पाचशे रुपयेही विदेशी देणगी ठरतात. त्यासाठी एफसीआरए (विदेशी देणगीच्या कायद्याखालची) नोंदणी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं ठरावीक खातं लागतं. ते नसेल तर नम्रपणे नाही म्हणावं आणि भाच्याला एफसीआरए असलेल्या संस्थेचं नाव द्यावं.

मुलं कशी निवडायची

फेब्रुवारीत सुरुवात करा. विदर्भ सोडून बाकी महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भात उन्हामुळे थोड्या नंतर. मधले चार महिने निवड, कागदपत्रं आणि वर्गणी यांत जातात.

नावं कुणाकडून घ्यायची, तर अंगणवाडी ताई, आशा ताई आणि वर्गशिक्षक. या तिघांच्या याद्या वेगवेगळ्या घ्या आणि जी नावं दोन याद्यांत येतील त्या घरांपासून सुरुवात करा. फक्त नगरसेवकाच्या किंवा सरपंचाच्या यादीवर विसंबलात तर त्यांच्याच आळीतली मुलं मिळतील. पालावर, वीटभट्टीवर किंवा भाड्याच्या खोलीत राहणारी कुटुंबं कुणाच्याच यादीत नसतात. तिथे स्वतः जावं लागतं.

घरभेटीला दोघांनी जावं, त्यात एक बाई असावी. प्रश्न शेजाऱ्यांसमोर विचारू नयेत. गरिबी मोजायला गेलात तर माणसं आक्रसतात. कामाचा रोजचा क्रम विचारला की सगळं आपसूक कळतं. सकाळी पाणी कोण भरतं, मुलगी शाळेत कशी जाते, आठवड्याचा हप्ता कुठल्या वारी असतो. हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. मायक्रोफायनान्सचा साप्ताहिक हप्ता असलेल्या घरात रोख मदत दिली तर ती हप्त्यात जाते. त्यात त्या माउलीचा दोष नाही, पण शाळेची फी मात्र तशीच राहते.

भेटीनंतर वहीत एकच वाक्य लिहा: या मुलाची शाळा सुटली तर कशामुळे सुटेल? ‘गरिबी’ हे उत्तर चालणार नाही. ‘नोव्हेंबरात आईबाप तोडीला गेले की आजीकडे राहायची सोय नाही’ हे चालेल. ‘आठवीनंतरची शाळा नऊ किलोमीटरवर आहे’ हेही. मदत त्या वाक्याला द्यायची. बीडसारख्या जिल्ह्यात हंगामी वसतिगृहाची किंवा आजीच्या घरी किराणा पोचवण्याची व्यवस्था दप्तरापेक्षा कितीतरी मोलाची ठरते.

सरकारचं देणं आधी वसूल करा

लोकांच्या वर्गणीतला रुपया सरकारने द्यायच्या गोष्टीवर खर्च झाला तर तो वाया गेला असं समजावं. कुटुंब हक्काचं काय घेत नाही, ते आधी तपासा.

एक पालक किंवा दोन्ही पालक गेलेली, टाकलेली, किंवा पालक गंभीर आजारी असलेली १८ वर्षांखालची मुलं क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत बसू शकतात. २०२३ पासून त्यात महिना २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयामार्फत जातो, निर्णय बालकल्याण समिती घेते. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, रेशनकार्ड, शाळेचा बोनाफाईड, बँक पासबुक आणि घरासमोर मुलाचा पालकासोबतचा फोटो, एवढी फाइल तयार करून जा. एका मुलाची ही एक फाइल मंजूर झाली तर वर्षाला २७,००० रुपये घरात येतात. तुमची सगळी वर्गणीही दरडोई एवढी नसेल.

विधवा, परित्यक्ता किंवा निराधार आईसाठी संजय गांधी निराधार अनुदान आहे, महिना १,५००. तिथे कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट २१,००० रुपयांची आहे, म्हणून तहसीलचा उत्पन्नाचा दाखला नीट काढावा लागतो. दारिद्र्यरेषेखालच्या घरातलं १८ ते ५९ वयाचं कमावतं माणूस गेलं असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २०,००० रुपये एकदाच मिळतात. एसटीत मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास आहे आणि मुलग्यांना पासात ६६.६७ टक्के सवलत. मुलीच्या प्रवासासाठी वर्गणीतून पैसे जात असतील तर कुठेतरी पासाचा फॉर्म अडला आहे.

अडतं कुठे, हेही ठरलेलं. आधारवर ‘सुनिता’, शाळेच्या दाखल्यावर ‘सुनीता’. बाप गेल्याची नोंदच झालेली नाही. आणि वर्ष उलटून गेलं की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय ती होत नाही. सर्वांत फसवी अडचण बँकेची. योजनेचे पैसे आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात, आणि ते खातं कुठलं हे घरात कुणाला ठाऊक नसतं. ‘पैसे आलेच नाहीत’ अशी तक्रार आली की आधी आधार कुठल्या बँकेला जोडलं आहे ते सेवा केंद्रात किंवा बँकेत बघून घ्या. अनेकदा पैसे जुन्या, विसरलेल्या खात्यात सुखरूप पडून असतात.

राखीव प्रवर्गातलं मूल अकरावीला गेलं की जात पडताळणीचा अर्ज त्याच वर्षी टाका. बारावीच्या निकालानंतर धावपळ करणाऱ्यांची व्यावसायिक अभ्यासक्रमाची जागा याच एका कागदापायी हुकते.

हिशेब मांडा, मग मागा

नववीतल्या, एसटीने जाणाऱ्या मुलाचा नमुन्याचा खर्च असा धरता येईल. वह्या, जर्नल, आलेखवही ९००. पुस्तकं ६००. दोन गणवेश शिलाईसह १,६००. बूट-मोजे ५००, दप्तर ४५०, रेनकोट ३००. पास आणि शाळेची किरकोळ फी १,६५०. बेरीज ६,०००. भाव गावागणिक बदलतात, तुमच्या बाजारातले तीन दुकानांचे दर घेऊन आकडे बदला. जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला असलेल्या मुलाला पुस्तकं आणि गणवेश सरकारकडून मिळतात, त्याचा खर्च याच्या निम्म्याहून बराच खाली येतो. बारावी सायन्सच्या मुलीचा वर जातो. सरासरी सहा हजार धरली तर दहा मुलांचे ६०,०००.

त्यात अडचण निधी १५,००० घाला. या रकमेला हात लावू नका. डेंगी, घरभाडं थकणं, परीक्षेचा फॉर्म यांसाठीच ती आहे. छपाई, प्रवास, ऑडिट यांचे ६,६००. एकूण ८१,६००. म्हणजे महिना २०० रुपये देणारे ३४ जण. शब्द मात्र ४० जणांकडून घ्या, कारण तिसऱ्या महिन्यापासून गळती लागते. एकदम पाच हजार देणारा दाता गोड वाटतो, पण तो पुढच्या वर्षी असेलच असं नाही. दोनशेवाले चाळीस जण असले की एक गेल्याने मुलाचा पास थांबत नाही.

ही रीत आपल्याकडे जुनी आहे. पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत: सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने मुष्टिफंडातून, घरोघरच्या मूठभर धान्यावर वसतिगृहं चालवली. कुणा एकावर ओझं नाही आणि कुणा एकाचा उपकारही नाही, हे त्या पद्धतीचं मर्म. आज मुठीच्या जागी यूपीआयचा ऑटोपे आहे. महिन्याच्या पाच-सात तारखेला, पगार जमा झाल्यावर वळती होईल असा लावून घ्या. पंचवीस तारखेला लावलेला परत येतो.

दुकानात ठेवायचा डबा हवा असेल तर त्यावर संस्थेचं नाव, नोंदणी क्रमांक आणि सील. तो दोघांनी मिळून, दुकानदारासमोर उघडायचा, मोजलेली रक्कम त्याच कागदावर तिघांच्या सहीने लिहायची आणि त्याच दिवशी बँकेत भरायची.

वस्तू घेताना

जुने कपडे घेऊ नका. निवडायला चार दिवस, धुवायला पैसे, आणि शेवटी निम्मी पोती पडून राहतात. नाही म्हणणं जड जातं, पण दारावर पाटी लावली की सोपं होतं. नवं, न वापरलेलं आणि यादीतलं, एवढंच घ्यावं.

आंबेडकर जयंतीला हारांऐवजी ‘एक वही, एक पेन’ देण्याची प्रथा अनेक ठिकाणी रुजली आहे, काही गणेश मंडळंही वह्या घेतात. वह्या हव्याच, फक्त प्रकार सांगितल्याशिवाय मागू नका. न सांगता मागितल्या की शंभरपानी एकरेघी येतात आणि त्यांचा ढीग साचतो. पहिलीला चौकटीच्या, दुसरीला दुरेघी, इंग्रजीला चाररेघी, पाचवीपुढे दोनशेपानी एकरेघी, नववी-दहावीला लाँगबुक. प्रत्येक प्रकाराच्या किती, ते आकड्यात लिहून पोस्टर काढा.

गणवेशाचं कापड वाटणं ही आणखी एक नेहमीची फसगत. कापड मिळतं, शिलाईचे तीन-चारशे रुपये नसतात, कापड ट्रंकेत जातं. शिलाईसह द्या; वस्तीतल्याच शिवणकाम करणाऱ्या ताईला काम द्या, तिचंही घर त्यावर चालतं. बुटांसाठी मे महिन्यात कागदावर पायाचा ठसा काढून घ्या आणि बोटभर मोठं माप धरा. वयावरून मागवलेले बूट निम्म्या मुलांना चावतात, आणि चावणारा बूट मूल कुणाला सांगत नाही, घरी ठेवून अनवाणी येतं.

एप्रिलमध्ये परीक्षा झाली की नववीपुढची पुस्तकं परत घ्या. कव्हर बदलून, फाटलेली पानं चिकटवून ती पुढच्या तुकडीला जातात. अभ्यासक्रम बदलणार असेल त्या वर्षी तेवढं थांबा.

पावती, करसवलत, जमाखर्च

प्रत्येक देणगीला क्रमांक छापलेली पावती, दोन प्रती. रद्द झालेली पावती फाडून फेकायची नाही, ‘रद्द’ लिहून पुस्तकातच ठेवायची. ऑडिटर सर्वांत आधी गाळलेले क्रमांक शोधतो.

संस्थेकडे ८०जी, म्हणजे देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी आयकर खात्याची मान्यता, असेल तरच करसवलतीचं नाव काढा. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत नाही, वस्तूंच्या देणगीला नाही, आणि देणगीदाराने नवी करप्रणाली निवडली असेल तर त्यालाही नाही. हातावरची पावती पुरत नाही: संस्थेने देणगीदाराचा पॅन घालून वार्षिक विवरण आयकर खात्याकडे भरायचं, त्यातून निघालेलं प्रमाणपत्र त्याला द्यायचं. आजवर ते १०बीडी आणि १०बीई म्हणून ओळखले गेले. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमं आणि फॉर्म यांचे चालू क्रमांक सीएकडून तपासून घ्या. पॅन पावती फाडतानाच विचारावा. मे महिन्यात चाळीस जणांना फोन करत बसणं म्हणजे शिक्षा आहे.

दर तिमाहीला देणगीदारांना एक पान पाठवा. किती आले, कशावर गेले, किती उरले, काय बिघडलं. मुलांची नावं नाहीत, आडनावं नाहीत, वस्तीचं नाव नाही. ‘इयत्ता नववी, मुलगा, पास आणि पुस्तकं’ एवढं भरपूर झालं. ‘काय बिघडलं’ ही ओळ गाळू नका. एक मूल शाळेतून गेलं, हे लिहिणाऱ्या गटावर लोक जास्त विश्वास ठेवतात.

मदत हातात कशी द्यायची

व्यासपीठ नको, रांग नको, मुलाच्या हातात वस्तू धरून फोटो तर नकोच. ज्या मुलांना काळजी आणि संरक्षणाची गरज आहे त्यांची ओळख उघड करायला बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ ने मनाई आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. कायदा बाजूला ठेवला तरी आठवीतल्या मुलीला स्वतःचं नाव देणगीच्या फ्लेक्सवर बघायचं नसतं. दात्याला फोटो हवाच असेल तर वह्यांच्या गठ्ठ्याचा काढा.

फी थेट शाळेच्या खात्यात, पास डेपोतून, किराणा ठरलेल्या दुकानातून, आणि रोख द्यावी लागलीच तर आईच्या खात्यात. वस्तू शाळा सुटल्यावर घरी पोचवा.

कार्यकर्ता एकट्या मुलासोबत बंद खोलीत, गाडीवर किंवा रात्रीच्या चॅटवर नको. कार्यकर्त्यांची पोलीस पडताळणी करून घ्या; नाराज होणारा कार्यकर्ता गेला तरी चालेल. लैंगिक अत्याचाराचं काही कानावर आलं तर पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. ‘आधी घरच्यांशी बोलून बघू’ असा पर्याय नाही. १०९८ या बाल हेल्पलाइनवर कधीही फोन करता येतो. मुलीचं लग्न ठरल्याचं कळलं तर गावात ग्रामसेवक (आताचा ग्रामपंचायत अधिकारी) बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. त्याच्याकडे लेखी द्या आणि पोच घ्या, म्हणजे ‘मला कुणी सांगितलंच नाही’ असं नंतर होत नाही.

वर्षातले तीन धोके

पहिला दिवाळीच्या आसपास, स्थलांतराचा. ऑक्टोबरच्या भेटीत प्रत्येक घरी विचारा: कोण जाणार, मूल कुठे राहणार. उत्तर ‘बघू’ असेल तर मूल जाणार असं धरा.

दुसरा बोर्डाच्या परीक्षेचा फॉर्म. तारीख शाळेतून विचारून कार्यकर्त्याच्या वहीत लाल शाईने. आधीच शाळा सुटलेल्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येते, पण तो परीक्षेच्या कितीतरी महिने आधी भरायचा असतो. फेब्रुवारीत जाग आली तर वर्ष गेलं.

तिसरा दहावीच्या निकालानंतरचा. नापास झालेलं मूल आठवड्याच्या आत हॉटेलात किंवा बांधकामावर लागतं आणि पहिला पगार हातात आला की परत येत नाही. निकालाच्या दिवशी संध्याकाळी दहाही घरी जा. पुरवणी परीक्षा, आयटीआय, अकरावी यांचे फॉर्म सोबत न्या.

बालगृहातून १८ व्या वर्षी बाहेर पडणारी मुलं यादीत असतील तर त्यांचं गणित निराळं. खोलीची अनामत, गॅस, आधारवरचा पत्ता आणि सण कुठे करायचा, असे त्यांचे प्रश्न. अनुरक्षण सेवा, म्हणजे बालगृह सोडल्यानंतरचा सरकारी आधार, २१ वर्षांपर्यंत मिळू शकते आणि महाराष्ट्रात अनाथ प्रमाणपत्रावर शिक्षण व नोकरीत एक टक्का आरक्षण आहे. ते प्रमाणपत्र १८ पूर्ण होण्याआधी, बालगृहाचे कागद हाताशी असतानाच काढायला घ्या.

मार्चअखेर प्रत्येक मुलाच्या पानावर चार गोष्टी भरा: हजेरी, निकाल, कुठली योजना सुरू झाली, पुढच्या वर्षी काय लागेल. बालसंगोपन सुरू झालेल्या घराला वर्गणीतून काय बंद करता येईल ते त्या आईशी बसून ठरवा. मोकळी झालेली जागा अकराव्या मुलाला.